आपला पाल्य बद्रीनाथ

मुलांच्या वर्तनाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर शाळेत येणार, अशी सूचना मुख्याध्यापक गाडेकर सरांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली, तेव्हा भूगोलाच्या बद्रीनाथ औताडे सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मनाशी म्हटलं, हे काही पोरांसाठी नाही.

हा संशय हवेतला नव्हता. सुबोध विद्यालयात पोरांच्या नावानं आलेली कुठलीही वस्तू आजवर पोरांपर्यंत पोचलेली नव्हती. पोरांसाठी आलेला पाण्याचा फिल्टर संस्थेच्या ऑफिसात बसला. पोरांच्या सायकलींसाठी बांधलेल्या शेडमध्ये संस्थाचालक आप्पासाहेबांची गाडी उभी राहते. पोरांसाठी आलेला प्रोजेक्टर आप्पासाहेबांच्या पुतणीच्या हळदीला गेला आणि परत आला तेव्हा त्यातून फक्त निळा रंग पडायला लागला. त्यावर आता महासागर हा एकच धडा शिकवता येतो. मग हे सॉफ्टवेअरच तेवढं पोरांच्या वाट्याला कुठून येणार?

दुसरं कारण जास्त जिवाला लागणारं होतं. संस्थेची एक शाखा फर्दापूरला आहे आणि तिथली एक जागा रिकामी झाली होती. इकडं शहरातली पोरं इंग्रजी शाळांकडं पळालेली, त्यामुळं सुबोधमध्ये वर्ग कमी आणि मास्तर जास्त. दिवाळीनंतर इथला कुणीतरी एक तिकडं जाणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. फर्दापूरला पर्यटक जातात ते अजिंठ्याची लेणी बघतात आणि संध्याकाळी परत येतात. मास्तर गेला की तो निवृत्त होऊनच परत येतो. बद्रीनाथ सरांचा शहरात टीव्ही सेंटरजवळ फ्लॅट, मुलगी श्रेया बारावीत, कंबर अशी की एसटी वाटेतल्या सिल्लोडला पोचेपर्यंत सरळ होत नाही. कुणाला पाठवायचं हे ठरवायला काहीतरी निमित्त लागणार, आणि ते निमित्त आता मोबाईलमधून येत होतं. सरांनी हे कुणाला सांगितलं नाही. म्हणजे फक्त रूपाली मॅडमना सांगितलं. मधली सुटी संपेपर्यंत ते सगळ्या स्टाफला माहीत झालं आणि दुसऱ्या दिवशी शिपायानं तेच सरांना, आतली बातमी म्हणून, दाराआड नेऊन सांगितलं. सरांची खात्री पटली. शिपायाला कळलंय म्हणजे खरंच असणार.

सरांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर माऊली राहतात. जिल्हा परिषदेतून निवृत्त. नोकरीत असताना त्यांनी कुणाचं काम केलं नाही, त्याची भरपाई म्हणून आता सगळ्यांना सल्ले देतात.

"सर, ॲप म्हंजी पाळत," माऊली म्हणाले. "आपण त्यात नाव घातलं की संपलं. माझा मेहुणा गंगापूरला असतो. त्यानं मोबाईलवर पिकाची नोंद केली. अंगठा जरासा घसरला अन् उसाचा कापूस झाला. आता उभ्या उसात माणूस कागदोपत्री कापूस वेचतो."

"मग दुरुस्त नाही केलं?"

"केलं ना. दुरुस्तीत कांदा झाला."

"मग मी काय करू? जाऊच नको प्रशिक्षणाला?"

"जायचं. नाय गेलं तर डोळ्यावर येतं. मागं बसायचं, इचारायचं लई, अन् दाबायचं काहीच नाय."

प्रशिक्षण रविवारी ठेवलं होतं, कारण मास्तरला रविवार लागत नाही असं संस्थेचं मत आहे. पोहे होते. पोह्यांत शेंगदाणे होते, त्यामुळं सरांचा संशय आणखी वाढला. ही संस्था उगाच शेंगदाणे घालत नाही.

शिकवायला पुण्याहून सोनिया मॅडम आल्या होत्या. पोरगी चुणचुणीत. पाठीमागं निळा पडदा, कारण प्रोजेक्टर तोच. "आपण मुलांना शिक्षा करत नाही," त्या म्हणाल्या, "आपण वर्तन टिपतो. चांगलं वर्तन, हिरवी नोंद. सुधारणा हवी असेल तर लाल नोंद. प्रत्येक नोंद लगेच पालकांच्या मोबाईलवर जाते."

मागच्या बाकावरून बद्रीनाथ सर उठले. "टिपून ठेवता कुठं?"

"सर्व्हरवर, सर."

"तो कुठं असतो?"

"बाहेर असतो, सर."

"हॉलच्या बाहेर का देशाच्या?"

सोनिया मॅडम हसल्या. प्रशिक्षण देणाऱ्यांना एक हसू शिकवलेलं असतं. उत्तर नसलं की ते काढतात आणि पुढच्या चित्राकडं वळतात.

आता सराव करायचा तर पोरांची नावं भरायला हवीत. इथं गाडेकर सरांचं डोकं चाललं. त्यांचं डोकं चाललं की शाळेचं नुकसान होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागं एकदा ऑनलाइन माहिती भरताना सहावीतल्या एका पोरापुढं 'विवाहित' असं पडलं होतं आणि त्याची आई महिनाभर शाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसत होती. तेव्हापासून गाडेकर सर खऱ्या पोरांना संगणकाजवळ फिरकू देत नाहीत. ते म्हणाले, "सरावाला पोरं कशाला वाया घालवायची? आपणच विद्यार्थी होऊ. एक सराव वर्ग काढू आणि सगळ्या स्टाफची नावं त्यात टाकू."

सोनिया मॅडमना ही कल्पना आवडली. पालक म्हणून दुसऱ्याचा नंबर द्यावा लागत होता. लग्न झालेल्यांनी नवऱ्याचा नाहीतर बायकोचा दिला. संगणकाचे इंद्रजीत सर अविवाहित. त्यांनी मामाचा दिला. इंद्रजीतचा मामा म्हणजे आप्पासाहेब. हॉलमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग पालकांच्या फोनवर ओटीपी गेले आणि हॉलमध्ये एकच कल्ला झाला. बद्रीनाथ सरांनी घरी फोन लावला.

"अगं, तुला एक नंबर आलाय, तो सांग."

"कोण बोलतंय?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"मी."

"मी म्हंजी कोण? ओटीपी कुणाला द्यायचा नाय. आवाजसुद्धा डुप्लिकेट काढत्यात आजकाल."

"अगं, मी बद्रीनाथ."

"माझ्या आईचं माहेर सांगा."

"वैजापूर."

"तो तालुका झाला. गाव सांगा."

सरांना गाव आठवेना. भूगोलाचा माणूस, सासूच्या गावावर अडला. शेजारच्या बाकांवरचे आवाज एकेक करून थांबले.

"बरं, मागल्या दिवाळीला आपण कशावरून भांडलो ते सांगा," रत्नमालाबाई म्हणाल्या.

सर भिंतीकडं तोंड करून, हळू आवाजात, सगळं सांगत गेले. हॉलमध्ये इतकी शांतता परीक्षेच्या वेळीसुद्धा नसते. शेवटी ओटीपी मिळाला आणि बद्रीनाथ औताडे, वय बावन्न, सराव वर्गात दाखल झाले. दाबायचं काहीच नव्हतं, पण सगळं दाबून झालं होतं.

"आठवडाभर सराव करा," सोनिया मॅडम जाताना म्हणाल्या. "कुणीही कुणाचीही नोंद करू शकतं. पुढच्या रविवारी येऊन मी हा वर्ग पुसून टाकते."

घरी पोचले तर रत्नमालाबाई दारातच मोबाईल धरून उभ्या. "प्रिय पालक, आपला पाल्य बद्रीनाथ याचे आज वर्गात लक्ष नव्हते," त्यांनी वाचून दाखवलं. "हे मी लग्नापासून सांगते. त्या ॲपला एका रविवारात कसं कळलं?"

सर हसले. पण सोमवारी 'गृहपाठ अपूर्ण' आलं. मंगळवारी 'विनाकारण प्रश्न विचारणे' आणि 'लघवीच्या नावाखाली वर्गाबाहेर रेंगाळणे'. नोंद कुणी केली ते ॲप सांगत नसे. एक यादी तेवढी दिसे, सराव वर्गात कोण वर आणि कोण खाली. मंगळवारी संध्याकाळी बद्रीनाथ सर सगळ्यात खाली होते.

म्हणजे हे असं ठरणार होतं तर. सरांना फर्दापूरची एसटी दिसायला लागली.

ते इंद्रजीतकडं गेले. "हे तुम्ही केलं?"

"एक केलं, सर. टेस्टिंगसाठी."

"अन् बाकीची?"

"मला काय माहीत? तुमच्याबद्दल कुणालाही काहीही वाटू शकतं."

सरांनी त्याच दिवशी इंद्रजीतला चार लाल टाकल्या. टेस्टिंगसाठी. बुधवारी आणखी टाकल्या. त्या पोराविषयी त्यांच्या मनात जेवढं साठलं होतं, त्याला ॲपमध्ये बरोबर रकाने होते. 'उद्धट उत्तर', 'मोबाईलमध्ये गुंग', 'वडीलधाऱ्यांचा मान न ठेवणे'. नोंद करताना अंगठा कसा हलका झाला होता. ज्यानं हे ॲप बनवलं त्याला माणसाच्या मनातलं नेमकं कळलेलं होतं, आणि हीच सगळ्यात संशयास्पद गोष्ट होती.

शाळा आता शाळा राहिली नाही. स्टाफरूममध्ये कुणी जांभई देईना. टेबलावर सगळ्यांचे मोबाईल उपडे, आणि उपड्या मोबाईलकडं प्रत्येक जण तिरक्या नजरेनं बघणार. वर्गात पोरं एकमेकांना बदडत होती, खिडकीतून दप्तरं फेकत होती, त्यांच्या वर्तनाकडं बघायला कुणालाच वेळ नव्हता. आणि मग, जिथं पाच मास्तर बसतात तिथं जे व्हायचं तेच झालं. बाजार भरला.

"मला एक 'नेतृत्वगुण' द्या, मी तुम्हाला दोन 'स्वच्छता' देते," रूपाली मॅडम म्हणाल्या.

"तीन द्या. 'नेतृत्वगुण' महाग आहे," बद्रीनाथ सर म्हणाले.

या धंद्यात सरांना स्वतःचीच ओळख नव्यानं झाली. गणिताच्या मास्तरची पर्यवेक्षणाची पाळी स्वतः करून त्यांनी 'वक्तशीरपणा' घेतला. चित्रकलेच्या मॅडमना लिंबाचं लोणचं देऊन 'सहकार्य' घेतलं. गाडेकर सरांना नुसतं "सर, तुमचं अक्षर काय सुंदर आहे" म्हणून 'आदरभाव' घेतला. शुक्रवारपर्यंत ते तळातून निघून वरच्या निम्म्यात आले आणि त्यांना पहिल्यांदा नीट झोप लागली.

लालांनी जे बिघडवलं नव्हतं ते एका हिरवीनं बिघडवलं. शनिवारी सकाळी रत्नमालाबाई चहा न देताच समोर बसल्या.

"प्रिय पालक, आपला पाल्य बद्रीनाथ रूपाली हिच्यासोबत डबा वाटून खातो. अभिनंदन."

"अगं, ते सहकार्याच्या रकान्यात..."

"मी पहाटं उठून मेथीचे पराठे कुणासाठी लाटते?"

"अर्धाच दिला."

"अन् ती काय देती?"

खरं उत्तर 'स्वच्छता' असं होतं. ते बोलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून सर गप्प बसले, आणि गप्प बसलेला नवरा किती वाईट दिसतो हे कुठल्याही ॲपला विचारायची गरज नाही.

तेवढ्यात मोबाईल परत वाजला. लालांची संख्या एका मर्यादेपुढं गेली की ॲप आपोआप पालकांना बोलावणं धाडतं, हे सोनिया मॅडमनी सांगितलं होतं, पण तेव्हा सर दिवाळीच्या भांडणाचा तपशील देत होते. हिरव्या कितीही मिळवल्या तरी लाल पुसली जात नव्हती. रविवारी सकाळी पालकांनी शाळेत हजर राहावं, असं आलं होतं.

"जाणारच आहे मी," रत्नमालाबाई म्हणाल्या. "बघूच कोण रूपाली."

"नको जाऊ. तो सराव आहे."

"मग मी सरावाला जाते."

खाली माऊली गेटातच भेटले. सगळं ऐकून म्हणाले, "सर, आता मागं बसून भागायचं नाय. तिथंच, चारचौघांत इचारा. फर्दापूरचं काय ते तोंडावर इचारा. हे लोक अंधारात काम करत्यात. उजेड पाडला की पळत्यात." माऊलींनी उभ्या नोकरीत एकदाही उजेड पाडला नव्हता. म्हणूनच त्यांना त्याची एवढी खात्री होती.

रविवारी शाळेत बघतात तर बायका आणि नवरे यांची रांग. गणिताच्या मास्तरची बायको 'चिडचिडेपणा' या नोंदीवर समाधान व्यक्त करत होती. रूपाली मॅडमचे यजमान हातात हेल्मेट घेऊन बद्रीनाथ सरांना नखशिखांत न्याहाळत होते. आणि पहिलीच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आप्पासाहेब बसले होते. त्यांनाही बोलावणं आलं होतं. 'आपला पाल्य इंद्रजीत' आठवडाभर त्यांच्या मोबाईलवर उद्धट उत्तरं देत होता.

"हे काय लफडं आहे, गाडेकर?" आप्पासाहेब म्हणाले. "मी संस्थाध्यक्ष का पालक?"

गाडेकर सरांनी घाम पुसला. सोनिया मॅडमनी शिकवलेलं हसू काढलं. हीच वेळ, असं बद्रीनाथ सरांना वाटलं. ते उभे राहिले.

"आप्पासाहेब, लफडं काय ते मी सांगतो. हे ॲप पोरांसाठी नाहीच. ह्यात जो खाली राहील त्याला दिवाळीनंतर फर्दापूरला पाठवायचं, असं वरून ठरलंय. तुम्ही नाकारू नका. सगळ्या स्टाफला माहीत आहे. शिपायाला माहीत आहे. माणसाची उभी नोकरी तुम्ही एका अंगठ्यावर ठरवणार. आमच्या पोरीबाळींची शिक्षणं आहेत, आमच्या कंबरा आहेत. मी शिक्षक आहे, सराव वर्गातलं पोरगं नाही."

बोलणं चांगलं झालं होतं. चित्रकलेच्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. रत्नमालाबाई क्षणभर पराठे विसरल्या आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या.

आप्पासाहेबांनी छातीशी घेतलेले गुडघे जरा सैल केले. मग म्हणाले, "कोण म्हणालं असं?"

सगळ्यांनी शिपायाकडं पाहिलं. शिपायानं रूपाली मॅडमकडं पाहिलं. रूपाली मॅडमनी बद्रीनाथ सरांकडं पाहिलं.

"मी तर फर्दापूरला नवीन माणूस भरणार होतो," आप्पासाहेब म्हणाले. "मुलाखत झाली त्याची. इथून कुणालाच हलवायचं नव्हतं. हे ॲप बी मी कशाला घेतलं? तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या पोराची कंपनी आहे, नाय म्हणता आलं नाय म्हणून." ते बाकावरून कसेबसे उठले. "पण औताडे सर, तुम्ही म्हणता त्यात दम आहे. असं ठरवता येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नवीन माणसाचा खर्चबी वाचतो. मॅडम, खाली कोण आहे बघा बरं."

सोनिया मॅडमनी मोबाईल उघडला. "सर्वांत खाली इंद्रजीत."

भाचा भिंतीला टेकला. मामानं छताकडं पाहिलं. संस्थाचालकाला विचार करायला वेळ लागत नाही, फक्त तत्त्व सापडायला लागतो.

"खालचा माणूस पाठवून शाखा सुधारत नसती," आप्पासाहेब म्हणाले. "तिथल्या पोरांवर तो अन्याय होईल. फर्दापूरला आदर्श माणूस पाहिजे. नुसत्या हिरव्या मोजा. सगळ्यात जास्त कुणाच्या?"

"बद्रीनाथ औताडे," सोनिया मॅडम म्हणाल्या.

"त्या खोट्या आहेत, आप्पासाहेब," सर घाईघाईनं म्हणाले. "मी त्या अदलाबदलीनं मिळवल्यात. एक तर लोणचं देऊन मिळवलीय."

गाडेकर सरांचा अंगठा हलला. रत्नमालाबाईंचा मोबाईल वाजला. 'प्रामाणिकपणा', हिरवी.

"मी पालक आहे ना?" रत्नमालाबाई पुढं झाल्या. "माझी संमती नाय. हा माणूस चांगला नाय, आप्पासाहेब. सासूचं गाव म्हायीत नाय त्याला. दुसऱ्याच्या डब्यात तोंड घालतो. घरी विचारा, बाहेर विचारा, कुणालाबी विचारा." लग्नानंतर इतक्या मायेनं त्या नवऱ्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

"ताई, मी पण पालकच आहे," आप्पासाहेब म्हणाले, आणि सायकलींच्या शेडकडं चालू लागले.

उरलेला वेळ बद्रीनाथ सर स्टाफमध्ये लाल मागत फिरले. ज्या लोकांनी सोमवारपासून त्यांना लालांनी न्हाऊ घातलं होतं, त्यातला एकही तयार होईना. "सर, तुमच्याबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही," गणिताचे मास्तर म्हणाले. चित्रकलेच्या मॅडमनी लोणच्याची बरणी परत आणून देते म्हणून सांगितलं. रूपाली मॅडम नवऱ्यादेखत म्हणाल्या, "सर कधी डब्यात हातसुद्धा घालत नाहीत. फार सोज्वळ." एकमेकांना मात्र सगळे घाईनं लाल टाकत होते. स्वतःलाच टाकता येईल का, हे गाडेकर सर सोनिया मॅडमना बाजूला घेऊन विचारत होते. आणि इंद्रजीतनं, काहीही न मागता, बद्रीनाथ सरांना एक 'नेतृत्वगुण' दिला.

सराव वर्ग पुसायचा राहून गेला. तो आता संस्थेचा अधिकृत रेकॉर्ड आहे.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सर फर्दापूरला हजर झाले. बसस्टँडजवळ खोली घेतली होती, श्रेया आणि रत्नमालाबाई शहरातच राहिल्या. शाखेच्या स्टाफरूममध्ये सर शिरले तेव्हा आत हसण्याखिदळण्याचा आवाज चालू होता. सर दारात दिसले आणि तो बंद झाला. कुणीतरी मोबाईल उपडा केला. एकानं त्यांना खुर्ची दिली, ती सगळ्यांपासून जरा लांब.

विज्ञानाचे कडुबा सर हे तिथले सगळ्यात जुने. त्यांनी चहा मागवला, तोही एकाच माणसाचा.

"मुख्यालयातून आलात," ते म्हणाले.

"हो. पण मला कुणी मुद्दाम पाठवलेलं नाही. म्हणजे पाठवलंय, पण शिक्षा म्हणून."

"व्हय का?" कडुबा सर म्हणाले. "संस्थेनं तुमच्या हिरव्यांची यादी धाडली इकडं, त्यात बघितलं तुमचं नाव. सगळं हिरवंगार. पुढच्या आठवड्यात इथं बी तेच ॲप चालू करणार म्हणे, अन् शिकवणार तुम्ही."

"मला आज पहिल्यांदा कळतंय हे."

कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं.

"खरं सांगतो," सर म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "त्या हिरव्यांचं काय झालं ते सांगतो. एक तर लोणच्यावर मिळालेली आहे. आप्पासाहेबांचा नि माझा काही संबंध नाही. मी त्यांना चारचौघांत उलट बोललो, तुम्ही कुणालाही विचारा. त्यांच्या भाच्याला मी स्वतः..."

"राहू द्या, सर," कडुबा सर समजुतीनं म्हणाले आणि चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. "आम्ही काय इचारलं का?"